कढईतली अंबाडी

मला भांडी घासायला आवडतात असं जी बाई सांगते, ती एक तर खोटं बोलते, नाहीतर तिला दुसरं काहीच येत नसतं. माझं दुसऱ्यातलं होतं. सांगलीच्या पेठेत हळदीच्या वासात वाढलेली, मराठी सात इयत्ता शिकलेली मी, लढाईच्या दिवसांत लग्न होऊन उंब्रजपासून कोसभर आत एका शेतकऱ्याच्या घरी आले, आणि आठवड्याच्या आत घराला कळून चुकलं की नवी सून नुसती बघायलाच आहे. भाकरी थापायला घेतली की परातीतच तिचे तुकडे पडत. म्हशीच्या कासेला हात लावला की म्हैस पाय झाडी. वैरणीचा भारा डोक्यावर घेतला की मी भाऱ्यासकट बांधावर बसे. नवरा तोंडावर हसत नसे, एवढाच त्याचा चांगुलपणा.

घरात आम्ही चारच माणसं. सासूबाई, ज्यांना मी तिकडच्या रीतीप्रमाणे आत्याबाई म्हणायची. माझा नवरा, जो उजाडायला मळ्यात जायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. मी. आणि थोरल्या जाऊबाई. त्यांचे यजमान, म्हणजे माझे थोरले दीर, पलटणीत होते. वर्षातून एकदा रजेवर यायचे, तेही सरकारच्या मनात असेल तर. जाऊबाई माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठ्या, अंगानं बारीक, जिभेनं तिखट आणि मनानं इतक्या सरळ की मला कधीकधी त्यांचा रागच यायचा. माझी मोडकी भाकरी आत्याबाईंच्या नजरेला पडायच्या आत त्या म्हशीपुढं टाकायच्या आणि म्हणायच्या, “हिच्या भाकरीवर म्हस जगली तर दूधबी तुटकंच दील.” मग मला बाजूला सारून स्वतः परातीपुढं बसायच्या. मी ‘होय’ म्हटलं की त्यांना हसू आवरायचं नाही. “व्हय म्हन की गं. होय होय काय करतीस मामलेदारावानी.”

आत्याबाई कमी बोलायच्या. त्यांचं कुठलं बोलणं खरं धरायचं आणि कुठलं नुसतं चारचौघांपुढचं, हे मला कधी उमगलं नाही. पाहुणे असले की म्हणायच्या, “बस की गं जरा, सारखी राबतीस.” मी बसायची. पाहुणे उंबऱ्याबाहेर गेले की बसले म्हणून दिवसभर अबोला. दोन-तीनदा असं पोळल्यावर त्यांचं प्रत्येक वाक्य मी भाकरीसारखं उलटून बघायला शिकले, खालची बाजू काय म्हणते ते. मला वाटायचं, आपल्याला ते चांगलं जमायला लागलंय.

त्या घरात बिडाची एक कढई होती. बीड म्हणजे ओतीव लोखंड. घडीव लोखंडाचा तवा आपटला तर वाकतो. बीड वाकत नाही, सरळ फुटतं. कढई आत्याबाईंच्या सासूच्या वेळची. दोन कानांची, खोल, पाण्याच्या घागरीइतकी जड, आणि आतून अशी काळी की वाकून बघितलं तर कपाळाचं कुंकू दिसावं. आमच्या माहेरी सगळी तांब्या-पितळेची भांडी. चिंच आणि राख लावून घासायची, उन्हात मांडायची, लखलखली की झालं. काळं भांडं म्हणजे आळशी बाई, असं माझ्या आईचं मत. इथं सगळं उलटं. ही कढई चकाकली ती काळेपणानं, आणि तो काळेपणा घासून घालवला तर घरात वादळ.

तिचे नियम आत्याबाईंनी मला एकदाच सांगितले. तापलेली असताना गार पाणी लावायचं नाही, तडकते. चिंच नाही, ताक नाही, आंबट म्हणून काही नाही. माती-विटकर नाही. कोरडी राख घ्यायची, उसाचं चिपाड ठेचून त्याचा घासणा करायचा, आणि गोल हात फिरवायचा, रेटायचं नाही. कोमट पाण्यानं एकदा धुवायची की लगेच निखाऱ्यावर. ओल नावाला राहता कामा नये. मग करडीच्या तेलाचं बोट, चिंधीनं सगळीकडं पसरून परत पुसून घ्यायचं, इतकं की तेल लावलं होतं असं वाटूच नये. परत तापवायची, धूर सुटेपर्यंत. गार झाली की जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून फळीवर. तेल जास्त राहिलं तर चिकट होते, कमी पडलं तर तांबरते. दिवाळीचं, गौरीचं, लग्नाकार्याचं तळण तिच्यात व्हायचं. रोजच्या जेवणाला ती उतरत नसे.

आत्याबाईंच्या बोटांचे सांधे धरले होते, म्हणून त्या दिवाळीनंतर कढई माझ्याकडं आली. जाऊबाईंकडं का नाही, ते जाऊबाईंनीच मला हसत सांगितलं. “पाच वर्सं झाली, मला हात लावून देत न्हाईत. चिंचेचं सार केलं हुतं गं मी त्यात, नवी नवरी असताना. तवा आत्याबाई तीन दिस माझ्याशी बोलल्या न्हाईत. बीड लय अवघड, बाई. माणसाचं एक येळ सोसतील, कढईचं न्हाई.” सांगताना त्यांना काही वाटत नव्हतं. मला मात्र ती गोष्ट चांगली लक्षात राहिली.

मी त्या कढईला लागले ती जिद्दीनं. भाकरी मोडते, म्हैस लाथ मारते, पण हे तर मला येईल. दुपारी सगळं आवरलं की मी परसात शेणी पेटवून बसायची आणि कढईला तेलाचा एकेक हात द्यायची. उगाच. गरज नसताना. एकदा आत्याबाई मागून आल्या, वाकून कढईत बघितलं आणि म्हणाल्या, “हात चांगला हाय तुझा.” त्या घरात आल्यापासून मला ऐकायला मिळालेलं ते पहिलं चांगलं वाक्य. ते मी किती उलटलं तरी खालची बाजू चांगलीच निघत होती. पंधरा दिवस मी त्या चार शब्दांवर काढले. आज हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे.

पुढच्या पावसाळ्यात जाऊबाईंना दिवस गेले. ही तिसरी खेप. आधीची दोन पोटातच गेली होती. या वेळी चौथ्या महिन्यापासूनच त्यांचं रूप उतरायला लागलं. ओठ पांढरे, नखं पांढरी, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली तर तिथं लाली म्हणून नाही. दोन पायऱ्या चढल्या की बसायच्या. आणि माती खायच्या. चुलीमागची भिंत मी सारवायची आणि दुसऱ्या दिवशी तिथं बोटभर कोरलेलं असायचं. मी रागावले तर म्हणायच्या, “तुज्या भाकरीपरीस चांगली लागती.”

दिवाळीनंतर आत्याबाई आणि मी त्यांना बैलगाडीतून उंब्रजच्या वैद्यांकडं घेऊन गेलो. वैद्यांनी नखं बघितली, जीभ बघितली आणि म्हणाले, अंगात रक्त नाही. एक पुडी दिली. आणि सांगितलं, “लोखंडाच्या भांड्यात आंबट भाजी शिजवा. अंबाडी, चुका, काही पण. रात्रभर त्याच भांड्यात राहू द्या. सकाळी काळी झालेली असेल, तशीच खाऊ घाला. बाळंतपणापर्यंत रोज. आंबटानं लोखंड उतरतं, ते पोटात गेलं पाहिजे.” घरात लोखंडाचं खोल भांडं एकच होतं. आत्याबाई तिथंच, वैद्यांसमोर, मला म्हणाल्या, “कढई काढ. रोज कर.”

दोनच दिवसांनी विट्याहून सांगावा आला. आत्याबाईंची लेक तिकडं दिलेली, ती तापानं अंथरुणाला खिळली होती आणि पदरात लहान पोरं. आत्याबाईंना जावं लागलं. गाडीत बसताना त्या मला परत म्हणाल्या, “भाजी चुकवू नगंस.” आणि मग, पाय वर घेता घेता, “कढईकडं बघ.”

या दोन शब्दांनी घात केला असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत होते. कढईकडं बघ. म्हणजे काय? कढई वापरायला विसरू नको, की कढई जप? माणसानं साधा अर्थ घ्यावा. मी वाक्य उलटून बघितलं. वैद्यांपुढं ‘कढई काढ’ म्हणाल्या ते चारचौघांपुढचं, आणि हे आतलं, असं मी ठरवलं.

तरी पहिले तीन दिवस मी सांगितल्याप्रमाणेच केलं. ज्वारीच्या कण्या घालून अंबाडी शिजवली, रात्रभर कढईत ठेवली. सकाळी ती शाईसारखी झाली होती. जाऊबाईंनी घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. “खिळा चघळल्यागत लागतंय गं.” दुसऱ्या दिवशी खाल्लेलं उलटून पडलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी नाक दाबून खाल्लं, कारण पोर जगायला हवं होतं. भाजी काढून मी कढई धुतली, तर आतून जागोजाग राखेच्या रंगाचे चट्टे पडलेले. निखाऱ्यावर ठेवेस्तोवर त्यांच्या कडेला तांबूस रेघ धरली. मी परसात बसून रडले. माहेरच्या आठवणीनं मी एवढी रडले नव्हते.

चौथ्या दिवशी मी अंबाडी मातीच्या गाडग्यात शिजवली.

रंगाचा प्रश्न होता. गाडग्यातली भाजी हिरवट-करडी दिसते. आमच्याकडं कारळ्याची चटणी बारा महिने असते. कारळं म्हणजे ती काळी, बारीक तेलबी. भाजून कुटलेल्या कारळ्याची एक मूठ मी भाजीत कालवली. रंग काळा आला, चवही आली. जाऊबाईंनी घास घेतला, थांबल्या, परत घेतला. “आज बरी लागती की गं.” मी म्हणाले, “सरावाची झाली तुमच्या तोंडाला.” त्यांनी दोनदा मागून घेतली. मला त्यात समाधान वाटलं, हेही सांगून टाकते. मी मनाशी म्हटलं, उलटून पडण्यापेक्षा हे अंगी तरी लागेल. माणसाला सबब हवी असली की ती चुलीच्या राखेतही सापडते.

भीती हे अर्धं कारण. आत्याबाई परत येतील, कढई बघतील, आणि माझं ते एकुलतं चांगलं वाक्य परत घेतील, ही भीती. उरलेलं अर्धं कारण असं की ती कढई माझी झाली होती. त्या घरात माझं म्हणावं असं दुसरं काही नव्हतं. जाऊबाई दुपारी पडल्या की मी परसात जाऊन तिचे चट्टे भरायला बसायची. तापव, तेल, पूस, तापव. दहा-बारा दिवसांत चट्टे गेले. त्यानंतरही मी थांबले नाही. दीड-दोन महिन्यांत ती कढई अशी झाली की तशी ती आत्याबाईंच्या हातूनही झाली नसेल.

जाऊबाईंना लिहिता येत नव्हतं, म्हणून दिरांना पत्रं मी लिहायची. थोरला दीर आणि धाकटी भावजय समोरासमोर बोलत नाहीत अशी तिकडची रीत; काही सांगायचं झालं तर सासू मध्ये लागते. पण पत्रात मी जाऊबाईंचा हात होते, त्यामुळं चालायचं. त्या भिंतीला टेकून सांगायच्या आणि मी पाटावर कागद ठेवून लिहायची. “लिव, माजी तब्येत बरी हाय. धाकटी मला रोज कढईतली भाजी करून घालती, वैद्यानं सांगितल्यापरमानं. सख्खी भन करनार न्हाई एवढं करती. काळजी करू नये.” मी लिहिलं. शब्दाला शब्द. ‘सख्खी बहीण’ असं शुद्ध करून लिहिलं. माझं अक्षर शाळेपासून चांगलं, त्या ओळीतही ते हललं नाही. अशी चार पत्रं गेली, आणि चारही पत्रांत भाजी होती.

मला दिसत नव्हतं असं नाही. त्यांच्या पावलांवर सूज आली होती, बोट दाबलं तर खड्डा तसाच राहायचा. बोलताना मध्ये थांबून श्वास घ्यायच्या. माझी थट्टा करायच्याही त्या बंद झाल्या होत्या. एका सकाळी त्यांना उठतानाच भोवळ आली आणि मी त्यांना धरून बसवलं, तेव्हा मनगट हातात आलं ते नुसतं हाड. मी तशीच आत गेले, फळीवरची कढई उतरवली, फडकं सोडलं. आज हिच्यात करायची, आजपासून रोज हिच्यात, असं म्हणत मी अंबाडीची जुडीसुद्धा घेतली. मग कढईत बघितलं. माझं तोंड त्यात दिसत होतं. मी फडकं बांधलं आणि गाडगं चुलीवर ठेवलं. आयुष्यात माणूस पुष्कळ चुका न कळत करतो. ही मी कळून केली.

आठव्या महिन्यात, दिवसा दहाच्या सुमाराला, त्यांना कळा सुरू झाल्या. नवरा बैल जुंपून कऱ्हाडला डॉक्टर आणायला गेला. गावची सुईण आली. बाराच्या आत मूल झालं. मुलगी होती आणि आधीच गेलेली होती. मग रक्त थांबेना. मी चिंध्या देत होते, पाणी तापवत होते, सुईण म्हणेल ते करत होते. जाऊबाई शुद्धीवर होत्या. त्यांनी विचारलं, “काय हाय?” सुईणीच्या आधी मीच म्हणाले, “मुलगी.” त्या म्हणाल्या, “बरं झालं, तुला भाकरी शिकवंल.” त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. डॉक्टरला घेऊन गाडी आली तेव्हा अंगणात बायका जमल्या होत्या.

सुईण हात धुताना मला म्हणाली, “लय न्हाई गं गेलं रगत. दुसरीला एवढं गेलं तर ती उठून चुलीम्होरं बसती. हिच्यात हुतंच कुठं जायाला.” ती बाई काही मला टोचायला बोलली नव्हती. तिला काय माहीत.

पुष्कळ वर्षांनी, सांगलीला राहायला आल्यावर, मी एका डॉक्टरीणबाईंना दुसऱ्याच कुणाची म्हणून ही हकिगत सांगितली आणि विचारलं, लोखंडातली भाजी खाल्ली असती तर वाचली असती का हो ती? त्या म्हणाल्या, दोन महिन्यांत थोडंफार रक्त भरलं असतं, पुरलं असतं की नाही सांगता येत नाही. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, “तुमची कोण होती ती?” मी सांगितलं, शेजारीण.

आत्याबाई दुसऱ्या दिवशी आल्या, कोळशाच्या धुरावर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीतून, तोंड काजळलेलं. सगळं उरकलं होतं. त्या माझ्या गळ्यात पडून रडल्या. दोन महिने सेवा केली पोरीनं, असं त्या आल्या-गेल्याला सांगत होत्या. वैद्याला शिव्या घालत होत्या, की एवढं काळंकुट्ट खाऊ घातलं तरी गुण म्हणून आला नाही. मी मान खाली घालून ऐकत होते. दुःखानं मान खाली आहे असं लोकांना वाटलं.

सुतकात तळण होत नाही. तेराव्याला पहिल्यांदा तेल तापतं. थोरले दीर आदल्या दिवशी रजा मिळवून पोचले होते, केस उतरवून सोप्यावर बसले होते. सकाळी वड्यांचं पीठ भिजवलं, आणि आत्याबाई म्हणाल्या, “कढई घे.” मी फळीवरनं उतरवली आणि त्यांच्यापुढं ठेवली. फडकं त्यांनी स्वतः सोडलं.

मी या क्षणाचा विचारच केला नव्हता. दोन महिने मी ज्या क्षणासाठी कढई जपली, तो हाच, आणि तो असा येईल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आत्याबाई बघत राहिल्या. मग त्यांनी वाकडं झालेलं बोट कढईच्या आतून, कडेपासून बुडापर्यंत, सावकाश फिरवलं. कुठं अडलं नाही. बोट उलटं करून बघितलं. कोरडं, स्वच्छ.

“अंबाडी कशात शिजवत हुतीस?” त्यांनी हळूच विचारलं.

बाहेर बायकांचा आवाज येत होता.

“ह्या कढईत दोन म्हैनं अंबाडी शिजली, तर ती अशी ऱ्हाती व्हय?”

“तुम्ही म्हणाला होता,” मी म्हणाले, “कढईकडं बघ.”

“भाजी करपंल म्हनून म्हनले.” त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, कढईकडंच बघत होत्या. “माज्या चारी खेपंला ही पांढरी फटक झालती. माज्या सासूनं ह्यातच घातलं मला. प्रत्येक येळंला परत काळी केली मी, पंधरा दिसांत हुती.”

“जाऊबाईंना तुम्ही सारावरनं...”

“सार केलं म्हनून न्हाई. पानी घालून तशीच ठिवली म्हनून.”

त्या आणखी काही बोलतील म्हणून मी वाट बघितली. मारलं असतं तरी बरं झालं असतं. झिंज्या धरून अंगणात नेलं असतं, गावासमोर उभं केलं असतं, मला माहेरी धाडलं असतं, यातलं काहीही मी निमूट सोसलं असतं. आत्याबाईंनी कढई दोन्ही कानांनी धरून पुढं सरकवली आणि म्हणाल्या, “तेल वत.” मी ओतलं. तीस-पस्तीस माणसांचे वडे मी त्या कढईत तळले. एकही बुडाला चिकटला नाही.

जेवणं झाली, पंगती उठल्या, माणसं पांगली. ऊन उतरणीला लागलं होतं. थोरले दीर सोप्यावर खांबाला टेकून बसले होते. मी आत चुलीपाशी होते आणि आत्याबाई मधल्या दारात, दोघांना दिसतील अशा. दिरांच्या हातात माझी चारही पत्रं होती. ती त्यांनी पलटणीतून बरोबर आणली होती. खाकरून ते म्हणाले,

“आई, धाकटीला सांग, तिचं लय उपकार झालं. दर पत्रात असायचं, रोज कढईतली भाजी करून घालती म्हनून. मी पलटनीत वाचून दावायचो दुसऱ्यास्नी. माजं मानूस गेलं ते आमच्या नशिबानं. हिनं काय बाकी ठिवलं न्हाई.”

मला ते शब्द स्पष्ट ऐकू आले होते. त्यांना मी ऐकलेलं माहीत होतं. पण रीत ती रीत. सासूनं सांगितल्याशिवाय मी ऐकलं असं होत नाही. आत्याबाई उभ्याच होत्या. शेवटी दिरांनी मान वर करून बघितलं.

मग त्यांनी तोंड माझ्याकडं फिरवलं. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. म्हणाल्या, “थोरला म्हनतोय, तुजं लय उपकार झालं. काय बाकी ठिवलं न्हाईस म्हनतोय.”

दीर उत्तराची वाट बघत होते. अशा वेळी काय म्हणायचं हे प्रत्येक बाईला लहानपणापासून पाठ असतं, आणि माझ्या तोंडून तेच निघालं.

“म्हणावं, त्यात काय एवढं.”

आत्याबाईंनी मान वळवली आणि सोप्याकडं बघून त्याला सांगितलं, “ती म्हनती, त्यात काय एवढं.”